कोणता कान पिळावा?

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आमच्या घरी एक छोटासा वाद झाला. अभ्यंगस्नाने उरकली होती, कारीट फुटले होते, फराळाची ताटे मांडली जात होती आणि माझ्या नातवाने आपला मोबाईल माझ्या जुन्या अँप्लिफायरला जोडून सनई लावली होती. सनई सुरेलच होती; पण तिच्यामागून एक अखंड ‘स्स्स्’ असा आवाज येत होता. कोणी पाठीमागे कढईत चकल्या सोडीत असावे तसा. “बाबा, तुमचं ते मशीन आता म्हातारं झालं,” असे सूनबाईंनी स्वयंपाकघरातून जाहीर केले. माणूस म्हातारा झाला की त्याच्या वस्तूंनाही हेच ऐकावे लागते.

मी उठलो आणि पाहिले. मोबाईलचा आवाज चिरंजीवांनी निम्म्यावर ठेवला होता आणि अँप्लिफायरचा कान मात्र शेवटपर्यंत पिळला होता. मी आधी अँप्लिफायर अगदी खाली आणला, मोबाईल जवळजवळ पूर्ण वर नेला आणि मग अँप्लिफायर हळूहळू चढवीत सनई पहिल्याइतकीच मोठी झाल्यावर थांबलो. चकल्या तळणे बंद झाले.

“आजोबा, आवाज तर तेवढाच आहे. मग खरखर कुठे गेली?” नातवाने विचारले.

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तराला मात्र शंभर वर्षांचा इतिहास लागतो, आणि त्यात माझ्या स्वतःच्या एका नुकसानीची गोष्टही येते. ती मी त्याला त्या दिवशी फराळ थंड होईपर्यंत सांगितली. आज आपल्याला सांगतो.

माझे मामा मिरजेला लाऊडस्पीकर भाड्याने देत असत. लग्नमुंज असो, गणपती असो, कीर्तन असो, मामांची सायकल, तिच्या मागे बांधलेला कर्णा आणि हँडलला अडकवलेली वायरची वेटोळी हे दृश्य गावात ओळखीचे होते. मामांचे शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंत झाले होते. पण यंत्राचा स्वभाव त्यांना माणसाच्या स्वभावासारखा कळे. ते म्हणत, “यंत्राला दोन कान असतात. एक आवाज आत घेताना पिळायचा, एक बाहेर सोडताना. जगातली सगळी खरखर नि सगळी फाटाफाट चुकीचा कान पिळल्यानं होते.” या एका वाक्यात किती मोठमोठ्या प्रयोगशाळांचे आयुष्य सामावले आहे, हे मला फार उशिरा कळले.

एक काळ असा होता, की यंत्राला कानच नव्हता. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला तेव्हा आवाज वाढवण्याचे कोणतेही साधन जगात नव्हते. कर्ण्यात शिरलेली हवेची थरथर पडद्याला हलवी, पडदा सुईला हलवी आणि सुई मेणात किंवा पत्र्यावर ओरखडा उमटवी. गायकाच्या छातीतला जोर तेवढाच काय तो जोर. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवले, ते याच पद्धतीने. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड न्यायचे, खालच्या सुरात आणखी पुढे झुकायचे आणि तार सप्तकात जाताना मागे सरायचे. पुढे झुकावे तर सुई उडण्याची भीती, मागे सरावे तर गाणे ओरखड्यांच्या आवाजात बुडण्याची भीती. म्हणजे यंत्राला कान नव्हता तेव्हा तो कान गायकाच्या कमरेत होता असे म्हणायचे! आवाज उगमापाशीच जमेल तितका मोठा घ्यावा, पण यंत्राला सोसेल तितकाच, हा या शास्त्राचा पहिला नियम. तो इंजिनियरांच्या आधी गायकांनी शोधला.

मिरजेला राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे उदाहरण पाहावे. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या, १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या कर्ण्यातून घेतलेल्या आहेत. शेवटच्या वर्षांतल्या, म्हणजे १९३० नंतरच्या, मायक्रोफोनवर घेतलेल्या आहेत. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक आणि हळुवार. कर्ण्याच्या काळात त्या हळुवारपणाची किंमत यंत्राला कळत नव्हती. मायक्रोफोन आणि अँप्लिफायर आले तेव्हा ती मींड, तो श्वासाएवढा सूर तबकडीवर उतरू लागला. दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या म्हणजे मध्ये काय घडले ते सांगावे लागत नाही.

मध्ये घडले ते टेलिफोनच्या तारेवर घडले. अमेरिकेत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला बोलायचे तर तार सुमारे साडेपाच हजार किलोमीटरची. एवढ्या लांब जाईपर्यंत आवाज विरून जाई. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तीन टोकांची काचेची नळी केली. पुढे टेलिफोन कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातली हवा नीट उपसून तिला कामाजोगे केले. या नळीत बारीक आवाज घातला की मोठा होऊन बाहेर पडे. २५ जानेवारी १९१५ रोजी ही लांब तार समारंभाने सुरू झाली. न्यूयॉर्कला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा जुना मदतनीस वॉटसन. बेल यांनी पहिल्या टेलिफोनच्या वेळचीच हाक पुन्हा मारली, ‘इकडे या’ म्हणून. तेव्हा वॉटसन यांनी सांगितले, की आता यायला मला आठवडा लागेल!

गंमतीचा भाग सोडून द्या. माझे लक्ष वेधते ती त्या तारेवरच्या नळ्यांची जागा. सगळा आवाज शेवटी, सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्यावर, एकदम का वाढवला नाही? कारण तिथे पोचेपर्यंत तो तारेतल्या खरखरीच्या खाली गेला असता आणि मग आवाज वाढवताना खरखरही तितकीच वाढली असती. बरे, न्यूयॉर्कलाच तो प्रचंड करून का सोडला नाही? कारण नळीला तेवढा आवाज सोसला नसता, तो फाटला असता आणि शेजारच्या तारेवर बोलणाऱ्यांच्या कानांत घुसला असता. म्हणून वाटेत, आवाज खरखरीत बुडण्याच्या आधीच, त्याला हात द्यायचा; पुढे गेल्यावर पुन्हा द्यायचा. पिट्सबर्ग, ओमाहा, सॉल्ट लेक सिटी असे ते मुक्काम होते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला पाणी द्यायचे ते तो कोसळण्याच्या आधी, आणि पोटात मावेल तेवढेच. तसलाच हा हिशेब.

पण ही खरखर येते तरी कुठून? पुष्कळ दिवस लोकांना वाटे, की ती कारागिरीतली चूक आहे. सांधे नीट केले, नळ्या चांगल्या केल्या, की ती जाईल. १९१८ साली जर्मनीत शॉटकी यांनी दाखवले, की नळीतून वीज वाहते ती अखंड धारेने वाहत नाही, कणाकणाने वाहते आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा तिचा आवाज होतो. पुढे बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी मोजून पाहिले, की नळी बाजूला ठेवली, नुसता एक विरोधक घेतला, तरी त्यातूनही खरखर येतेच. त्याच संस्थेतल्या नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती मांडली. दोघेही मूळचे स्वीडनचे; दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. अर्थ असा, की पदार्थात उष्णता आहे तोवर त्यातले विजेचे कण वळवळत राहणार आणि ती वळवळ आवाज करणार. खरखर ही कोणाची चूक नाही. ती जगाच्या ऊबदारपणाची किंमत आहे.

मग उपाय एकच उरला. खरखर नाहीशी होत नसेल, तर आवाज तिच्यापेक्षा पुष्कळ वर ठेवायचा. आणि तो लवकर वर न्यायचा. १९४४ साली फ्रीस या डॅनिश कुळातल्या अमेरिकन इंजिनियराने याचे गणितच मांडून दिले. एकामागून एक अशा यंत्रांच्या साखळीत पहिल्या यंत्राची खरखर पुरती मोजावी लागते. पहिल्या यंत्राने शक्ती शंभरपट केली असेल, तर दुसऱ्याच्या खरखरीला शंभराने भागायचे. म्हणजे पहिले पाऊल नीट पडले, की पुढच्या पावलांचे दोष माफ होतात. पहिलेच चुकले, तर पुढे कितीही चांगले यंत्र लावा, चूक मोठी होऊन ऐकू येते. मुलांच्या शिक्षणाविषयी आपले वडीलधारे हेच सांगत असत, फक्त त्याला सूत्र नव्हते.

तांदळाचे उदाहरण घ्या. खडे निवडायचे ते तांदूळ शिजायला टाकण्यापूर्वी. पातेले मोठे घेतले म्हणून खडे कमी होत नाहीत. नातवाने निम्म्यावर ठेवलेला मोबाईल म्हणजे मूठभर तांदूळ. माझ्या अँप्लिफायरच्या पोटातली खरखर म्हणजे खडे. आणि शेवटपर्यंत पिळलेला कान म्हणजे मोठी आच. तांदूळ जास्त घातले, आच बेताची ठेवली. भात तेवढाच झाला, पण दाताखाली खडा येईनासा झाला. आणि मोबाईल अगदी टोकाला न नेता किंचित अलीकडे का थांबलो, तर काही यंत्रे टोकाला गेली की आवाज फाडतात.

हे फाटणे म्हणजे काय तेही सांगतो. प्रत्येक यंत्राला एक छत असते. आवाजाची लाट त्या छताला टेकली, की तिचा माथा कापला जातो. तांब्या भरला तरी आपण ओतत राहिलो, तर वरचे पाणी सांडते, तसे. सांडलेले पाणी पुन्हा तांब्यात भरता येत नाही, तसा कापलेला माथा पुन्हा बसवता येत नाही. खाली खरखरीचा चिखल, वर कठीण छत आणि मधल्या जागेत आवाजाने चालायचे, असा हा प्रवास.

मधली जागा मोजण्यासाठीच डेसिबल हे माप आले. टेलिफोनवाले पूर्वी आवाजाची घट ‘इतके मैल तार’ अशी मोजत. ते माप टाकून नवे आले, आणि १९२८ साली त्याला बेल यांच्या नावावरून डेसिबल हे नाव मिळाले. दहा डेसिबल म्हणजे शक्ती दहापट. तीन डेसिबल म्हणजे जवळजवळ दुप्पट. १९३९ साली बेल प्रयोगशाळा आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्या यांनी मिळून सुईचे एक घड्याळ ठरवले. डावीकडून सुई उठते, तांबडा पट्टा सुरू होतो तिथे शून्य. ती सुई मुद्दाम जरा जड ठेवलेली; पूर्ण चढायला तिला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. कानाला आवाज जसा मोठा वाटतो तसा ती दाखवते. क्षणात येऊन जाणारा उसळा तिला दिसत नाही. म्हणून जाणते लोक तिच्यावर थोडी मोकळी जागा राखतात. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या गोष्टीत ते पुढे येणार आहे.

सभेत या शास्त्राला आणखी एक नाठाळ पाहुणा भेटला. १९ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या मैदानावर सुमारे ५०,००० लोकांपुढे कर्ण्यांतून बोलले. आपल्याकडे गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रे पाहिली, तर माईकवर ‘शिकागो रेडिओ’ हे नाव दिसते. ती कंपनी मोटवाने यांची, इथलीच. कर्ण्यातला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, पुन्हा वाढला, पुन्हा शिरला, की माईक शिट्टी मारतो. डेन्मार्कच्या लार्सन यांनी त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला लार्सनचे नाव आहे. गणपतीच्या मांडवात शिट्टी वाजली, की कार्यकर्ते मामांच्या अंगावर धावून येत. मामा शांतपणे बुवांजवळ जात आणि हात जोडून म्हणत, “बुवा, वीतभर पुढं या.” बुवा पुढे येत, मामा कान खाली पिळत, शिट्टी बंद होई आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही अभंग ऐकू येई. अंतर निम्मे झाले, की माईकवर पडणारा दाब जवळजवळ दुप्पट होतो. वीतभर पुढे येणे फुकट होते. यंत्राचा कान पिळणे महाग होते.

पार्श्वगायकांनी तर या अंतराची कला केली. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातल्या गाण्यासाठी माईक खोलीच्या मध्यावर ठेवून आपण कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आलो, असे लताबाईंनी सांगितले होते. दुरून जवळ येणारा तो आवाज यंत्रात केलेला नाही; पायांनी केलेला आहे.

आता माझी गोष्ट. १९७२ सालच्या दिवाळीत मी एका स्नेह्याकडून स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आजोळी गेलो. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. गावात वीज आली होती, पिठाची गिरणीही आली होती. पण दिवाळीच्या करंज्यांसाठी लागणारे थोडेसे का होईना, आजी जात्यावरच दळी आणि दळताना ओव्या म्हणे. त्या ओव्या लिहिलेल्या नव्हत्या. मी माईक खिडकीत ठेवला, कारण आजीला त्याचा संकोच वाटत होता. आणि उसन्या यंत्राची सुई तांबड्यात गेली तर ते बिघडेल या भीतीने आत घेण्याचा कान अगदी खाली ठेवला. सुई जेमतेम हलत होती. मनात म्हटले, ऐकताना मोठा करू.

रात्री मिरजेला मामांसमोर टेप लावली. मोठा केला. जाते मोठे झाले, टेपची खरखर मोठी झाली आणि त्या दोहोंच्या तळाशी कुठेतरी आजी होती. मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “बाहेरचा कान पिळतोयस बाबा. आतला पिळायचा राहिला.” मग म्हणाले, “उद्या पुन्हा जा. माईक तिच्या गुडघ्याशी ठेव. आणि आधी तिला मोठ्यानं म्हणायला लाव, मग सुई ठरव.”

दुसऱ्या दिवशी गेलो. माईक गुडघ्याशी ठेवला. सुई ठरवली, मात्र आजीला आधी मोठ्याने म्हणायला लावायचे, ते मी केले नाही. तिला कसे सांगावे, असे वाटले. विठोबाच्या ओव्या झाल्या, सुई मधोमध डोलत होती, सगळे स्वच्छ. मग आजीने भाऊबीजेची ओवी धरली. तिचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत गेला होता आणि एका दिवाळीला आला नाही, तो कधीच आला नाही. ती ओवी म्हणताना आजीचा आवाज असा चढला, की मी सुईकडे पाहायचे विसरलो. तिच्याकडेच पाहत राहिलो. भानावर आलो तेव्हा सुई उजव्या खुंटीला टेकली होती. आजीने जाते थांबवले होते. “पुरे रे आता,” ती म्हणाली. पुन्हा म्हण, असे म्हणायची माझी छाती झाली नाही. त्या माघात आजी गेली.

म्हणजे माझ्याजवळ तीन गोष्टी राहिल्या. एक खरखरीत बुडालेली, एक स्वच्छ आणि एक फाटलेली. फाटलेली तीच, जी मला हवी होती.

पुढे या विद्येत पुष्कळ सुधारणा झाल्या. रे डॉल्बी हे अमेरिकन गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्या चंडीगढला होते. १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि टेपच्या खरखरीवर उपाय आणला. युक्ती मामांच्या दोन कानांचीच: टेपवर घालताना हळू आवाज उचलून घालायचा, ऐकताना तेवढाच खाली आणायचा, खाली आणताना टेपची खरखरही त्याच्याबरोबर खाली जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने चिखल आणि छत यांतली जागा सुमारे ९६ डेसिबल केली. नातवाच्या मोबाईलमध्येही तसलीच प्रशस्त जागा आहे. पण छत आहेच, आणि आता ते पूर्वीपेक्षा कठीण आहे. नळी आणि टेप छताला टेकताना जरा लवत तरी. आकड्यांचे छत लवत नाही.

आणि दोन्ही कान शेवटपर्यंत पिळणे म्हणजे गाणे ऐकवणे, असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी सन २००० पासून नियमच झाले आहेत: राहण्याच्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मामांना कायदा लागला नाही. “ज्याला ऐकायचंय त्याच्यापर्यंत पोचलं, की काम झालं,” एवढेच ते म्हणत.

फराळ झाल्यावर नातवाने माझ्या त्या टेपा संगणकात उतरवलेल्या होत्या त्या काढल्या. पहिलीतली खरखर त्याने बरीच पुसली. आजी थोडी वर आली, पण पाण्याखालून बोलल्यासारखी. भाऊबीजेची ओवी त्याने तीनदा लावली.

“ही नीट नाही करता येणार?”

“नाही रे. माथा कापलेला आहे.”

तो काही बोलला नाही. भाऊबीजेच्या दिवशी माझी थोरली बहीण ओवाळायला आली. ती आता पंच्याहत्तरीची आहे आणि आजीच्या काही ओव्या तिला येतात, हे मला माहीत होते. त्या कधी विचाराव्या असे मात्र सुचले नव्हते. ओवाळून झाल्यावर नातवाने मोबाईल तिच्यासमोर, हातभर अंतरावर, पाटावर ठेवला आणि तिचा हात धरून म्हणाला, “आत्याआजी, आधी एकदा अगदी मोठ्यानं म्हणून दाखवा. तुम्हाला जमेल तितक्या मोठ्यानं. मग मी सुरू करतो.”

ती हसली, लाजली, आणि मग तिने आवाज चढवला. नातू तिच्याकडे पाहत नव्हता; पट्टीकडे पाहत होता. त्याने वर थोडी मोकळी जागा सोडली.